कळंबची घडवंची आणि चांद्रयुगाची खुर्ची

यंदाच्या स्मरणिकेसाठी ज्ञातीच्या पूर्वेतिहासावर काही लिहून द्यावे, अशी आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी केली, तेव्हा प्रथम आमच्या मनात बलुतेदारीचाच विषय आला. परंतु त्या विषयावर मागील अंकांतून अधिकारी मंडळींनी इतके लिहिले आहे, की आमची भर म्हणजे भरल्या हंड्यात आणखी एक तांब्या ओतणे होईल. विषय सुचत नव्हता. अशात गेल्या वैशाखात एका पुतणीच्या वास्तुशांतीनिमित्त पुण्यास जाण्याचा योग आला, आणि तेथे जे दृष्टीस पडले त्यानेच हा लेख लिहावयास लावले.

घर लहान, पण नीटनेटके. बैठकीच्या खोलीत मध्यभागी एकाच पायावर उभे असलेले पांढरेशुभ्र वाटोळे मेज, त्याभोवती कमळाच्या देठावर पाकळी ठेवावी तशा एकपायी खुर्च्या, छताला पितळी दांड्यांचे काटेरी झुंबर, कोपऱ्यात अळंब्याच्या आकाराचा नारिंगी दिवा. पुतणीने मोठ्या कौतुकाने सांगितले, "काका, हे सगळं रेट्रो आहे. स्पेस एज! हल्ली हीच फॅशन आहे." मग तिने आम्हांस एका टीपॉयपाशी नेले. हे मात्र नवे नव्हते. जुन्या वस्तूंच्या एका दुकानातून तिने ते साडेअठरा हजार रुपयांस आणले होते. काजूच्या आकाराची फळी, तीवर फिकट हिरवा सनमायका, कडेला सागाची पट्टी, बाहेरच्या बाजूस फाकलेले व खाली निमुळते होत गेलेले तीन पाय, आणि पायांच्या टोकांना पितळी टोपणे.

आम्ही ते उलटे केले. जन्मभराची खोड आहे. फर्निचर दिसले की ते उलटे करून खालचा सांधा पाहिल्याखेरीज आम्हांस चैन पडत नाही. खाली निळ्या पेन्सिलीने घातलेली मापे होती, आणि पाय तिरका बसवण्यासाठी ठोकलेला तो तिकोनी ठोकळा होता. असे ठोकळे आम्ही शाळकरी वयात, १९६० नंतरच्या वर्षांत, कळंबला वडिलांच्या हाताखाली शेकड्यांनी कापले आहेत. हे टीपॉय कळंबचेच होते असे आम्ही म्हणत नाही. तशी टीपॉये तेव्हा गावोगाव होत होती. परंतु आमच्या आठवणीप्रमाणे वडिलांनी असे टीपॉय पंचवीस-तीस रुपयांस दिले होते, आणि तेही दोन हप्त्यांत.

ही वस्तू आपल्या ज्ञातीच्या हाती कशी आली, कशी गेली, आणि आता इतक्या मानाने परत का आली, हे समजून घेण्यास थोडे मागे जावे लागेल.

कळंब हे इंदापूर तालुक्यातील गाव. १८७६-७७ च्या दुष्काळाने हा सारा मुलूख होरपळून निघाला, आणि त्यानंतर १९ व्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा बारामती-इंदापूरच्या माळांवर आला. तोवर येथील सुताराचे काम म्हणजे नांगर, कुळव, पाभर, मोटेचे चाक आणि बैलगाडी. बलुतेदारांच्या थोरल्या ओळीत आपला मान होता खरा. पण घरातील सामान म्हणून सुताराकडे काय मागितले जाई? पाट, चौरंग, देव्हारा, पाण्याच्या हंड्यांसाठी घडवंची, बाजेचे गाते, फार तर एखाद्या वाड्यात पलंग वा फडताळ. बसणे भुईवर, जेवणे भुईवर, निजणे भुईवर. खुर्ची ही मामलेदाराची वस्तू होती. दिव्यांचीही तीच गत. देवापुढे समई, कोनाड्यात पणती, पुढे रॉकेल आल्यावर चिमणी व कंदील. लग्नकार्यात गॅसबत्ती आली की पोरे तिच्याभोवती जमत. आमच्या आजोबांच्या घरात खुर्ची नव्हती. खुर्च्या करणाऱ्याच्या घरात खुर्ची नसावी, याचे तेव्हा कुणास नवल वाटत नसे.

हे चित्र पालटले ते शेठ वालचंद हिराचंद यांच्या येथे येण्याने. १८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या या पुरुषाने रेल्वेच्या ठेकेदारीपासून आरंभ करून पुढे जहाजे, विमाने व मोटारी या तिन्ही धंद्यांचा देशात पाया घातला. बंगलोरचा विमानांचा कारखाना १९४० साली त्यांच्याच पुढाकाराने निघाला. कळंबच्या माळावर त्यांनी ऊस लावला, १९३४ च्या सुमारास साखर कारखाना उभा केला, आणि कारखान्याभोवती वालचंदनगर ही वसाहत वसली. वसाहत म्हटली की दारे आली, खिडक्या आल्या, कचेरीची मेजे आली, साहेबांच्या बंगल्यांतील खुर्च्या आल्या. गावचा सुतार प्रथमच धान्याच्या पेंढीऐवजी पगाराच्या पाकिटासाठी रंधा मारू लागला. काहीजण फर्मे करण्याच्या कामात शिरले. ओतकामात लोखंडाचा भाग ओतण्याआधी त्याची लाकडी प्रतिकृती करावी लागते, लोखंड थंड होताना आकसते म्हणून ती मापाहून किंचित मोठी ठेवावी लागते. या कामी सुताराची नजरच हवी. ज्ञातिबांधवांपैकी ज्यांचे वडील-आजे या कामात होते, त्यांनी हे लक्षात ठेवावे, की यंत्रयुगाने आपल्याला हाकलून दिले असे जे सर्रास म्हटले जाते ते अर्धेच खरे आहे. यंत्राचा पहिला आकार आपल्याच हाताने निघत होता.

त्याच सुमारास बाहेरच्या जगात खुर्चीचे रूप बदलत होते. १९२५ च्या पुढे जर्मनीत मार्सेल ब्रॉयर या कारागिराने पोलादी नळी वाकवून खुर्ची केली. आपल्याकडे किर्लोस्करवाडीस नांगरांच्या जोडीने लोखंडी खाटा व खुर्च्या होऊ लागल्या, आणि मध्यमवर्गीय मराठी घरांत त्या पोचल्या. लाकूड हलले. तरीही तोवरचे सामान चार पायांवर उभे होते. पाय नाहीसे करण्याची कल्पना पुढची.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुटनिक हा कृत्रिम उपग्रह आकाशात सोडला. सुमारे ५८ सेंटीमीटर व्यासाचा तो चकचकीत गोळा व त्याला मागे वळलेल्या चार लांब तारा. १९६१ च्या एप्रिलात गागारिन पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. आकाशातील या पराक्रमाचे वेड युरोप-अमेरिकेतील घरांत शिरले. खरे पाहता काही गोष्टी आधीच सुरू झाल्या होत्या. काटेरी झुंबराचा एक प्रकार इटलीत जीनो सार्फात्ती यांनी १९३९ साली केला होता. पण लोकांनी तसल्या झुंबरांना स्पुटनिकचे नाव दिले ते उपग्रह उडाल्यावर. एकपायी मेज व खुर्ची फिनलंडमध्ये जन्मलेल्या व अमेरिकेत स्थायिक झालेल्या एरो सारिनेन या वास्तुशिल्पज्ञाने १९५५ ते ५७ च्या दरम्यान रचली. मेजाखाली पायांचे जंगल माजते, ते त्यास नकोसे झाले होते. सारी खुर्ची एकाच पदार्थाची व्हावी ही त्याची इच्छा. पण त्या वेळच्या प्लॅस्टिकचा देठ भार पेलेना, म्हणून बैठक काचतंतूंची व पाय ओतीव ॲल्युमिनियमचा, आणि दोहोंवर एकच रंग, अशी तडजोड त्यास करावी लागली. सुतारास ही तडजोड लगेच उमगेल. सांधा लपवणे ही आमची रोजची विद्या आहे.

पुढील दहा वर्षांत तर कल्पनेस ऊतच आला. फिनलंडच्या एरो आर्निओने १९६३ साली काचतंतूंचा पोकळ गोळा करून त्याचा एक काप उडवला व आत गादी घातली. माणूस आत बसला की बाहेरचा गलका कमी ऐकू येतो. डेन्मार्कच्या वेर्नर पांटोनची खुर्ची, जीत पाय, बैठक व पाठ ही एकाच ओघात वळतात, ती १९६७ साली कारखान्यातून निघू लागली. दिव्यांत आम्हांस सर्वांत आवडतो तो इटलीच्या विको माजिस्त्रेत्ती यांचा १९६५ चा छोटा दिवा. त्याच्या आत एक फिरते झाकण आहे. ते वळवले की चंद्राला ग्रहण लागावे तसा उजेड कमी-अधिक होतो, आणि नावही 'ग्रहण' या अर्थाचेच आहे. इंग्लंडात १९६३ साली निघालेल्या एका दिव्यात तर मेणाचे गोळे बल्बच्या उष्णतेने हलके होऊन वर चढतात व गार होऊन खाली येतात. त्याचा उजेडाला उपयोग शून्य. पण पाहत बसावेसे वाटते हे कबूल केले पाहिजे.

हे सारे कळंबास कसे पोचले? जसेच्या तसे पोचलेच नाही. काचतंतूंचा गोळा करण्यास साचे लागतात, रसायने लागतात, भांडवल लागते. आमच्याकडे काय होते? साग, बाभूळ, पुढे प्लायवुड आणि सनमायका. चित्रपटांतून, साप्ताहिकांच्या जाहिरातींतून आणि मुंबई-पुण्याहून बदलून आलेल्या अधिकाऱ्यांच्या सामानातून जे दिसे, त्यावरून आमच्या वडिलांसारख्या कारागिरांनी आपल्या हत्यारांत बसेल तेवढे उचलले. पाय फाकवले, निमुळते केले, कोपरे गोल केले. फळीला काजूचा आकार दिला. रेडिओच्या मेजाला मागे झुकती पाठ दिली. काटकोनाचा गुण्या हातात धरून वाढलेल्या माणसाने तिरका पाय बसवणे म्हणजे केवढे धाडस, हे आज सांगून कळणार नाही. पहिले दोन-तीन पाय वडिलांचे निखळले. मग त्यांनी बैलगाडीच्या चाकाची आठवण काढली. चाकाचे आरे तुंब्यात बसवताना कोन साधावाच लागतो. त्याच विद्येने त्यांनी तो तिकोनी ठोकळा काढला व कुसू तिरपे घेतले. इटलीत वा अमेरिकेत हा सांधा कसा करीत, हे त्यांना ठाऊक नव्हते आणि ठाऊक करून घेण्याची सोयही नव्हती.

दिव्यांच्या बाबतीत आम्ही पोरे पुढे होतो. आकाशकंदील ही तर आपली वडिलोपार्जित वस्तू, आणि तिच्या नावातच आकाश आहे. १९६९ च्या जुलैत माणूस चंद्रावर उतरला, ऑक्टोबरात ते तीन वीर जगप्रवासात मुंबईस येऊन गेले, आणि पाठोपाठ दिवाळी आली. त्या वर्षी आमच्या आळीत चांदणीचा वा करंजीचा आकाशकंदील कुणी केलाच नाही. कामट्यांचे चार पाय असलेले चांद्रयान केले, त्यावर चांदीचा कागद लावला, आत झिरोचा बल्ब टाकला. यानाचे पाय आम्ही टीपॉयसारखे फाकवले होते. वडील हसून म्हणाले, "अरे, ते आपलं टीपॉयच चंद्रावर गेलंय!" हे बोलणे घरात पुष्कळ वर्षे थट्टेने चालले.

पण थट्टा पुरती थट्टा राहिली नाही. वालचंदनगरचा कारखाना साखरेपुरता न राहता यंत्रे करू लागला होता, आणि १९७० नंतरच्या दशकात भारतीय अवकाश संशोधनासाठी अग्निबाणांची पोलादी कवचे तेथे घडू लागली. १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह घेऊन आपल्या देशाचा अग्निबाण प्रथमच यशस्वीपणे उडाला. पुढे १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ निघाले, तेव्हा त्या प्रक्षेपकाच्या दोन्ही बाजूंस घन इंधनाचे जे दोन प्रचंड बाणदंड होते, त्यांच्या कवचांचे भाग वालचंदनगरात तयार होऊन तेथेच दाबाच्या कसोटीस उतरलेले होते. प्रत्येक बाणदंड ३.२ मीटर व्यासाचा, आत सुमारे २०० टन इंधन, आणि कवच तीन तुकड्यांत जोडलेले. २३ ऑगस्टच्या सायंकाळी यान चंद्रावर उतरले, तेव्हा दूरचित्रवाणीपुढे आम्ही सारे घर मिळून बसलो होतो. ज्ञातीतील कितीतरी घरांत त्या सायंकाळी हेच दृश्य असेल. ज्या माळावर आमच्या आजोबांनी उसाच्या गाड्यांची चाके भरली, तेथील पोलाद आकाशात गेले होते. पॅरिस वा मिलान येथील बैठकीच्या खोल्यांत नुसती चंद्राची हौस होती. आमच्या गावाने चंद्राचे काम केले. एवढा अभिमान आम्हांस क्षम्य असावा.

इकडे घरातील चांद्रयुग मात्र लवकरच मावळले. १९७३ साली तेलाचे भाव भडकले. प्लॅस्टिक हे तेलाचेच अपत्य. त्यामुळे युरोपात ते गोळे व त्या एकपायी खुर्च्या महाग पडू लागल्या, आणि लोकांनाही त्यांचा कंटाळा आला होता. आपल्याकडे काजूच्या आकाराची टीपॉये आणखी काही वर्षे रेंगाळली. मग सोफासेट, भिंतभर शोकेस, ट्यूबलाईट. १९९० नंतर ओतीव प्लॅस्टिकच्या एकसंध खुर्च्या आल्या. विचार केला तर एकाच ओघात पाय, बैठक व पाठ, हे पांटोनचे स्वप्न या खुर्चीनेच गरिबाच्या दारी नेले. लग्नाच्या मांडवात, ग्रामपंचायतीत, दशक्रियेस नदीकाठी, सर्वत्र ती दिसते. एकावर एक रचता येते, धुता येते. आमच्या धंद्याचा तिने घास घेतला, तरी तिला आम्ही नावे ठेवीत नाही. सुताराच्या घरात खुर्ची नसण्याचे दिवस तिने संपवले.

जुने सामान मग माळ्यावर गेले, तेथून भंगारवाल्याकडे. आमच्या घरातील टीपॉय कधी गेले ते आम्हांस आठवतही नाही. बहुधा दिवाळीच्या आवराआवरीत, रद्दीबरोबर.

येथे चंदीगडची हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. १९५० नंतर ते नवे शहर वसत असताना कचेऱ्या, महाविद्यालये व न्यायालये यांसाठी सागाच्या व वेताच्या हजारो खुर्च्या तेथे करण्यात आल्या. ल कॉर्बुझिए यांचे चुलतबंधू पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली त्यांची घडण झाली, आणि त्या केल्या तेथील सुतारांनी. काही दशकांनी खुर्च्या मोडकळीस आल्या, कचेऱ्यांच्या आवारांत त्यांचे ढीग पडले, व भंगाराच्या लिलावात त्या कवडीमोलाने गेल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलून दुरुस्त केल्या आणि पॅरिस, न्यूयॉर्कच्या लिलावांत त्यांना लाखो रुपये आले. २०११ साली केंद्रीय गृहखात्याने असे सामान विकण्यास मनाई केली; तोवर पुष्कळ माल समुद्रापार गेला होता. लिलावाच्या यादीत जानरे यांचे नाव ठळक असते. ज्यांनी कुसू घेतले, वेत विणला, त्यांची नावे तेथे नसतात.

आता ज्यांना विचारावे असे फारसे कोणी उरलेही नाही. आमच्या भागात काजूची फळी प्रथम कोणी कापली? पितळी टोपणे कोठून येत? लाकूड वाकवण्यासाठी कोणी वाफ वापरली का? वडिलांना ठाऊक असेल. आम्ही विचारले नाही. त्या काळी ही सारी उधार-उसनवारीची नक्कल आहे, असे आम्हांसच वाटे, आणि शिकून नोकरीस लागल्यावर तर वडिलांच्या दुकानाचा उल्लेखही आम्ही चारचौघांत टाळीत असू. ज्ञातीतील पुष्कळांची हीच कथा आहे, म्हणून हे येथे मोकळेपणाने लिहितो. मुलाने इंजिनियर व्हावे यासाठी आपण धडपडलो, ते योग्यच झाले. परंतु त्या धडपडीत हत्यारांची पेटीही जड झाली म्हणून टाकून दिली, हे तितकेसे योग्य झाले नाही.

वास्तुशांतीच्या त्या दिवशी जेवणे झाल्यावर आम्ही पुतणीस टीपॉयखालची निळी पेन्सिल दाखवली. मापे इंचांत होती, आणि आकडे मराठी. तिने ती खूण कधी पाहिलीच नव्हती. दुकानदाराने तिला वस्तू विलायती धाटणीची आहे एवढेच सांगितले होते. ती बराच वेळ फरशीवर बसून राहिली, मग फोनवर त्या आकड्यांचे छायाचित्र घेतले. म्हणाली, "काका, हे अक्षर आजोबांचं असेल का?" आम्ही नाही म्हणालो. वडिलांचा पाच असा नव्हता, त्यांच्या पाचाला शेपूट लांब असे. पण मग तिने विचारले, तो कसा होता, ते काढून दाखवा. आणि तिच्या मुलाच्या खडूने आम्ही त्या फळीच्या खालच्या बाजूस, त्या अनोळखी कारागिराच्या आकड्यांशेजारी, वडिलांचा पाच काढून दिला.

यंदाच्या मे महिन्यात ती कळंबास येणार आहे. आमच्या घराच्या माळ्यावर वडिलांची एक करवत, दोन पटाश्या आणि फर्म्यांचे काही तुकडे अजून आहेत. शिडी मात्र नवी करावी लागेल. जुनीचे दोन पावंडे वाळवीने खाल्ले आहेत.